होप स्ट्रीटवरचे दोन बिशप



१९५२ च्या ऑगस्टमधला ओव्हलचा कसोटी सामना आपल्याकडे लक्षात राहिला तो भारताच्या दुर्दशेमुळे. सहा धावांत पाच गडी! पावसानं वाचवलं म्हणून सामना अनिर्णित सुटला. आपले कर्णधार होते विजय हजारे, सांगलीचे मराठी ख्रिस्ती. आणि इंग्लंडकडून सलामीला येऊन ११९ धावा काढल्या होत्या डेव्हिड शेपर्ड यांनी. हे शेपर्ड पुढे धर्मसेवेत गेले आणि १९७५ साली लिव्हरपूलचे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचे, बिशप झाले. आज बोलायचं आहे ते त्यांच्या या दुसऱ्या डावाबद्दल, आणि त्यातल्या त्यांच्या जोडीदाराबद्दल.

लिव्हरपूल हे बंदराचं शहर. १८४० च्या दशकात आयर्लंडात बटाट्याचं पीक बुडालं, दुष्काळ पडला आणि उपाशी आयरिश कॅथलिक बोटी भरभरून इथं उतरले. बरेच पुढं अमेरिकेला गेले, पण हजारो इथंच राहिले. त्यांची आणि इथल्या प्रॉटेस्टंट कामगारांची वस्ती शेजारी, मन मात्र फाटलेलं. १९०९ मध्ये तर सरळ दंगली पेटल्या. दरवर्षी १२ जुलैला प्रॉटेस्टंटांच्या ऑरेंज लॉजच्या मिरवणुका बँड वाजवत निघायच्या, आणि त्या बँडचा रोख कुणाकडे आहे हे पलीकडच्या गल्लीला बरोबर कळायचं.

अशा शहरात एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन कॅथीड्रलं आहेत. रस्त्याचं नाव होप स्ट्रीट. एका टोकाला अँग्लिकनांचं, लाल दगडाचं, अवाढव्य. पाया १९०४ चा आणि पूर्ण झालं १९७८ साली! दुसऱ्या टोकाला कॅथलिकांचं, १९६७ चं, गोल तंबूसारखं आणि वर काचेचा मुकुट. गंमत अशी, की अँग्लिकन कॅथीड्रलचा आराखडा ज्यांनी केला ते जाइल्स गिल्बर्ट स्कॉट कॅथलिक होते. स्पर्धा जिंकली तेव्हा वय अवघं २२.

१९७६ मध्ये कॅथलिक आर्चबिशप म्हणून डेरेक वॉरलॉक आले. शेपर्ड उंचेपुरे, खेळाडू. वॉरलॉक नेमस्त, कागदपत्रांत मुरलेले. स्वभाव जुळावेत असं काही नव्हतं. पण दोघांनी एक पथ्य पाळलं. ओव्हलला तो सामना चालू होता त्याच महिन्यात स्वीडनमधल्या लुंड गावी निरनिराळ्या चर्चच्या प्रतिनिधींनी एक प्रश्न विचारला होता: श्रद्धेतला मतभेद जिथं वेगळं राहायला भागच पाडतो तेवढं सोडून बाकी सगळं एकत्र का करू नये? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न अहवालातच राहिला. या दोघांनी तो रोजच्या कामाला लावला. कारखाना बंद पडतोय, चला दोघे. सरकारला पत्र लिहायचंय, सह्या दोन. आपल्याकडे १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या विलीन होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. लिव्हरपूलला विलीन कुणीच झालं नाही, आणि माझ्या मते म्हणूनच घाबरलंही कुणी नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. १९८२ च्या मार्चमध्ये कँटरबरीचे आर्चबिशप रन्सी लिव्हरपूलला प्रवचनाला उभे राहिले, तेव्हा पोपच्या होऊ घातलेल्या भेटीला विरोध करणाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की त्यांना प्रवचन थांबवावं लागलं. पण ३० मे रोजी, पेन्टेकॉस्टच्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे आले ते आधी अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये. आत पाऊल टाकताच टाळ्यांचा कडकडाट झाला. मग होप स्ट्रीटवरून ते कॅथलिकांकडे गेले.

त्याआधीच्या वर्षी, १९८१ च्या जुलैमध्ये, टॉक्स्टेथ भागात बेकारी आणि पोलिसांवरचा राग यांतून भडका उडाला होता. कृष्णवर्णीय तरुण, जळणाऱ्या इमारती, अश्रुधूर. तिथं प्रश्न कॅथलिक-प्रॉटेस्टंट असा नव्हताच, आणि दोन बिशप एकत्र दिसण्याचा उपयोग तिथंच जास्त झाला. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूल संघाचे ९७ पाठीराखे गेले, त्यांतले काही नंतरच्या काळात. दुसऱ्याच दिवशी कॅथलिक कॅथीड्रलमध्ये मिस्सा झाली. आत जागा पुरेना, हजारो लोक बाहेर उभे होते. शोकात कोण कुठल्या पंथाचा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

शहरानं या जोडीला नाव ठेवलं 'फिश अँड चिप्स': कायम बरोबर, आणि त्या खाद्याच्या पुड्यासारखे कायम वर्तमानपत्रात! एक तक्रार मात्र रास्त आहे. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे मंडळींचे पुढारीही या जोडकामात होते. १९८५ च्या पेन्टेकॉस्टला एकत्र काम करण्याचा जो करार झाला त्यावर त्यांच्याही सह्या होत्या. २००८ साली होप स्ट्रीटवर शिल्प उभं राहिलं ते मात्र दोघांचंच.

आणि जे सुटलं नाही ते सुटलंच नाही. एकत्र प्रार्थना चाले, पण प्रभुभोजनाची वेदी वेगळीच राहिली. १९९२ मध्ये इंग्लंडच्या चर्चनं स्त्रियांना पुरोहितपद द्यायचं ठरवलं, तेव्हा रोमशी अंतर आणखी वाढलं. शेपर्ड स्त्रियांच्या बाजूचे, वॉरलॉक रोमच्या शिस्तीतले. तरी जोडकाम चालूच राहिलं, १९९६ च्या फेब्रुवारीत वॉरलॉक वारेपर्यंत.