गुरुजींच्या पगाराचा पुरा हिशेब
(वाकड येथील बैठकीत केलेले भाषण)



पारावर एक बोलणे हमखास ऐकू येते : "गुरुजींना काय, महिना भरला की पगार. आपला कापूस मात्र व्यापारी म्हणेल त्या भावाने." ही चीड खरी आहे, पण हिशेब अर्धाच आहे. आज तो पुरा मांडू.

जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम झालेल्या प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 29200 रुपयांपासून सुरू होते. वर महागाई भत्ता. हा पगार बरा आहे आणि त्याबद्दल आपल्या पोटात दुखायचे कारण नाही. तिथे माणसाच्या जगण्याचा खर्च धरून दाम ठरला. आपल्या कापसाज्वारीचा दामही खर्च धरूनच ठरावा, एवढेच आपण म्हणतो.

पण त्याच शाळेत शेजारच्या वर्गावर नवा लागलेला मास्तर असतो. त्याला म्हणायचे शिक्षण सेवक. ही योजना 2000 साली आली. तीन वर्षे मानधनावर राबायचे, मग वेतनश्रेणी. डिसेंबर 2022 पर्यंत प्राथमिकच्या सेवकाला महिन्याला 6000 रुपये मिळत. 2022-23 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6080 रुपये होता. म्हणजे डी.एड. होऊन अख्खा वर्ग सांभाळणाऱ्या माणसाचा महिना सरकारदरबारी एका क्विंटल कापसाच्याही खाली! आणि त्या कापसाचा भाव तरी आपल्याला कुठे पुरत होता? जानेवारी 2023 पासून मानधन 16000 झाले. तरी ते कायम शिक्षकाच्या सुरुवातीच्या मूळ वेतनाच्या निम्म्याहून थोडेच वर आहे. फळा तोच, पुस्तक तेच, पोरे तीच.

तिसरा मास्तर विनाअनुदानित शाळेतला. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द सरकारने 2009 साली काढला, पण 20 टक्के अनुदान सुरू व्हायला 2016 उजाडले. तोवर कित्येकांनी बिनपगारी शिकवले. सकाळी वर्ग, संध्याकाळी दुसऱ्याच्या रानात मजुरी, अशी माणसे आपल्याच गावांत होती. ती आपलीच पोरे. जमीन विकून शिकवलेली.

हा प्रकार समजायला आज बसलो आहोत ती जागा चांगली आहे. या वाकडच्या शिवारात आता इमारती उभ्या आहेत. शेजारी हिंजवडी, वर चाकण. कोरडवाहू मुलखातली आपली पोरे इथे खोली करून राहतात. कारखान्यात एकाच यंत्रावर एक कायम कामगार आणि एक कंत्राटी. काम सारखे, पाकीट वेगळे. कारखानदाराला आपण नावे ठेवतो. सरकारने शाळेत वेगळे काय केले?

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे हा प्रश्न मांडला होता. प्राथमिक शाळेचा मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, गरज पडली तर नांगर धरणारा असावा, आणि त्याचा पगार 12 रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी 15 ते 20 असावा, असे त्यांचे म्हणणे. तिजोरी रयतेच्या घामाने भरते, तेव्हा रयतेच्या पोरांच्या शिक्षणावर खर्च करा, हा त्यांचा मुद्दा होता. मास्तराचा पगार त्यांनी शेतकऱ्याच्याच बाजूने मागितला, हे विसरू नका.

आता आपले काम. मास्तराला पुरा दाम, तर पोरांना पुरा मास्तर. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून बाकीच्या बिगरशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपायला मनाई केली आहे. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. ते पालक म्हणजे आपण. समितीच्या पुढच्या सभेला जा. दोन गोष्टी विचारा : आमच्या शाळेत किती मास्तर कोणत्या दामावर आहेत? आणि गेल्या महिन्यात किती दिवस ते वर्गाऐवजी कागदावर बसले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि तालुक्याला पाठवा.

सारख्या कामाला सारखा दाम, ही मागणी रानात एक आणि शाळेत दुसरी असू शकत नाही. एवढे बोलून मी थांबतो.