जळलेले केस आणि नवी फूट



बियाणे, खते, कीड-रोग यांबद्दल मी नेहमी आपल्याशी बोलते. आजचा विषय शिवारातला नाही, डोक्यावरचा आहे. गावोगावच्या महिला मेळाव्यांत पिकाची चर्चा संपली, की एखादी भगिनी मला बाजूला घेते, डोक्यावरचा पदर थोडा मागे सारते आणि हळूच विचारते, "मॅडम, लग्नाआधी तालुक्याला जाऊन केस सरळ करून घेतले होते. आता विंचरले की तुकडे हातात येतात. ह्याच्यावर काही औषध आहे का?"

हा प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला, म्हणून आज बोलायचं ठरवलं. दुसरं कारण असं, की यातून मी स्वतः गेले आहे. सहा वर्षांपूर्वी दिरांच्या लग्नाआधी मी केस रंगवून घेतले आणि पंधरा दिवसांनी सरळ करून घेतले. दोन महिन्यांत शेंडे तुटू लागले. कुणी म्हणालं, "केरॅटिन करा, केस सुधारतील." तेही केलं. करताना डोळ्यांतून पाणी आलं, घसा खवखवला. महिनाभर केस चकाकले आणि मग कानाच्या वर बोटभर लांबीचे खुंट उरले. तणनाशकाने पीक होरपळल्यावर वरून टॉनिकमागून टॉनिक मारणाऱ्या शेतकऱ्याला मी रागावते. स्वतःच्या डोक्यावर मात्र मी तेच करून बसले होते.

केसाची रचना

केसाचं मूळ तेवढं जिवंत असतं आणि ते कातडीच्या आत असतं. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाहीत, म्हणून कापताना दुखत नाही. आणि म्हणूनच तो जखमेसारखा भरूनही येत नाही. केसाच्या बाहेरच्या बाजूला घराच्या कौलांसारखे एकावर एक पातळ खवले असतात. आत केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात आणि हे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना बांधलेले असतात. आपण कांद्याला, भुईमुगाला जे गंधक देतो तेच हे. केस जळला की जो उग्र वास येतो, तो त्याचाच.

केस सरळ करायचे म्हणजे हे गंधकाचे बंध तोडायचे आणि केस ताणून नव्याने बांधायचे. रंग बसवण्यासाठी अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्याने कौलं उचकटतात आणि आतलं प्रथिनही झिजतं. माती परीक्षणामुळे 'सामू' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. डोक्याच्या कातडीचा सामू साधारण ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो आणि केस सरळ करायच्या काही मलमांचा १२ च्याही पुढे जातो. एवढ्या खारवट मात्र्यात केस फुगतो, कौलं उघडी पडतात आणि थोडी वेळेची चूक झाली तरी केस तुटतो.

दुबार रसायन नको

२,४-डी मारलेला पंप न धुता कपाशीवर वापरला, तर पानं आवळून बोटांसारखी होतात. ती पानं पुन्हा सरळ होत नाहीत. झाड वाचलं तर नवी फूट येते आणि ती चांगली असते. केसांचंही असंच आहे. जळलेला भाग दुरुस्त करणारं तेल, मलम किंवा औषध नाही. वरून लेप बसतो, केस मऊ लागतो, तेवढंच. मूळ शाबूत असेल तर नवा केस मात्र निरोगी येतो.

म्हणून पहिला नियम हा, की एका रसायनाचं नुकसान झाकायला दुसरं रसायन लावू नका. नवे केस पूर्ण वाढेपर्यंत रंग, सरळ करणं, कुरळे करणं, गरम इस्त्री हे सगळं बंद ठेवा. केरॅटिनच्या नावाने केल्या जाणाऱ्या काही प्रकारांत फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो. पोल्ट्रीची शेड निर्जंतुक करायला वापरतात त्या फॉर्मॅलिनमधलाच हा पदार्थ. कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत त्याची गणना झालेली आहे. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या सरळ करण्याच्या द्रव्यांनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदीही अलीकडच्या काळात वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हाच मी खुर्चीवरून उठायला हवं होतं.

किती कापायचे, कधी कापायचे

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. हा वेग कुठल्याही तेलाने दुप्पट होत नाही. म्हणून आधी हिशोब मांडा.

माझे केस ६० सेंटिमीटर होते. पहिल्या दिवशी २० सेंटिमीटर कापले, कारण शेंड्यांत काही उरलंच नव्हतं. राहिले ४०. पुढे दर तीन महिन्यांनी ५ सेंटिमीटर कापत गेले. दोन वर्षांत आठ वेळा कापून जळलेला सगळा भाग निघून गेला आणि तोवर सुमारे २४ सेंटिमीटर नवा केस तयार झाला. म्हणजे खांद्याच्या आसपास. ज्यांना धीर धरवत नाही, त्यांनी सगळे एकदम कापले तरी चूक नाही. ज्यांना लांबी राखायची आहे, त्यांनी कमी कमी कापावे. मात्र त्यांना वेळ जास्त लागेल, हे धरून चालावं. शेंडा दुभंगला की चीर वर चढते, तेव्हा अजिबात न कापणं मात्र परवडत नाही.

केस कापायला घरातून विरोध होतो, हे मला माहीत आहे. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "सवाशिणीने केस कापायचे?" मी त्यांना कंगव्यात आलेले तुकडे दाखवले आणि बागेतल्या डाळिंबाची छाटणी आठवून दिली. त्या काही बोलल्या नाहीत. तीन महिन्यांनी कात्री मात्र त्यांनीच हातात घेतली.

सांध्याला जपा

नवा केस चार-पाच बोटं वाढला, की डोक्यावर दोन प्रकारचे केस दिसू लागतात. वर आपला मूळचा दाट, थोडा वळणाचा. खाली पातळ, सरळ आणि निस्तेज. दोन्ही जिथे मिळतात तो सांधा सर्वांत नाजूक. आंब्याच्या नव्या कलमाचा सांधा आपण जसा हलू देत नाही, तसंच इथे वागायचं.

विंचरताना रुंद दातांचा कंगवा घ्या. आधी शेंडे मोकळे करा, मग मधला भाग, शेवटी वर या. गुंता असेल तिथे वरच्या बाजूने केस मुठीत धरा, म्हणजे ओढ सांध्यावर येणार नाही. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून न्हाल्यावर पंचाने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपून घ्या आणि अर्धवट वाळल्यावर विंचरा. घट्ट वेणी, रबर बँड आणि आवळून बांधलेला अंबाडा टाळा. सैल वेणी घाला आणि तिला सुती फीत किंवा कापडी बंध वापरा.

तेल आणि न्हाणे

तेलांत खोबरेल तेल चांगलं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनांची झीज कमी होते. न्हायच्या आदल्या रात्री एक-दोन चमचे तेल शेंड्यांपासून सांध्यापर्यंत हलक्या हाताने लावा. डोक्याला जखम, पुरळ किंवा जळजळ असेल, तर त्या जागी काहीच लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

आठवड्यातून एकदा-दोनदा न्हाणं पुरे. कपड्याचा साबण, धुण्याची पावडर आणि धुण्याचा सोडा केसांना लावू नका. आपल्याकडे बऱ्याच विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड असतं. साबण त्यात फेस धरत नाही, उलट त्याचा पांढरट साका केसांवर बसतो. अशा ठिकाणी शिकेकाई किंवा सौम्य शाम्पू बरा. पावसाळ्यात पन्हाळीखाली स्वच्छ भांडं ठेवून पाणी धरलंत, तर शेवटचं विसळण त्या पाण्याने करा. शिकेकाई डोळ्यांत जाऊ देऊ नका. पाणी कोमट घ्या, कढत नको.

बाजारात कंडिशनर म्हणून जे मिळतं, ते शेंड्यांना लावून धुवावं. त्याने कौलं बसतात आणि गुंता कमी होतो. छोट्या पुडीतलंही चालतं, महाग घ्यायची गरज नाही. कोरफडीचा गर लावणार असाल, तर आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघा. अंड्यातलं प्रथिन केसात शिरत नाही. ते अंडं खाल्लंत तर जास्त उपयोगी पडेल.

शेतात काम करताना

शहरातल्या सल्ल्यात न येणारी एक गोष्ट सांगते. डोक्यावर हंडा किंवा गवताचा भारा घेतला, की चुंबळीखाली केस घासतात आणि टाळूवरची नवी फूट तुटते. चुंबळ मऊ सुती कापडाची करा आणि तिच्याखाली पातळ रुमाल बांधा. जमेल तेव्हा भारा हातगाडीवर घाला. मळणीच्या आणि फवारणीच्या वेळी डोकं पूर्ण झाका. रसायनाने कमजोर झालेला केस उन्हानेही लवकर झिजतो, तेव्हा भर उन्हात रुमाल असू द्या.

तुटतात की गळतात, हे आधी ओळखा

कंगव्यात आलेला केस उजेडात धरून बघा. एका टोकाला पांढरा बारीक गोळा असेल, तर तो मुळातून गळलेला. गोळा नसेल आणि तुकडा आखूड असेल, तर तो मधेच तुटलेला. दिवसाला ५० ते १०० केस मुळातून गळणं नेहमीचं आहे. त्याहून फार जास्त गळत असतील किंवा चकंदळं पडत असतील, तर दोष वरच्या रसायनाचाच आहे असं समजू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. डाळी, शेंगदाणे, अंडी, हिरव्या पालेभाज्या रोज पोटात जाऊ द्या, वर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नका. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खायची सवय तेवढी मोडा.

धोक्याची सूचना

काळ्या रंगाच्या बऱ्याच कलपांत आणि काळ्या मेंदीत पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्याने डोकं आणि चेहरा सुजतो. ते पोटात गेल्यास घसा सुजून श्वास कोंडतो आणि जीव जाऊ शकतो. कीटकनाशकाइतकंच ते कुलपात ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि चुकून पोटात गेल्यास घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठा.

आणि मुलींच्या डोक्यातल्या उवांसाठी शेतातलं कीटकनाशक किंवा रॉकेल कधीही वापरू नका. कातडीतून विष अंगात भिनतं. तेल लावून बारीक फणीने उवा-लिखा काढा किंवा आरोग्य केंद्रातून औषध घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. जळलेला केस दुरुस्त होत नाही. नवा केस चांगला येतो.
२. नवे केस वाढेपर्यंत कोणतंही रसायन आणि गरम इस्त्री नको.
३. दर दोन-तीन महिन्यांनी शेंडे कापा.
४. न्हाण्याआधी खोबरेल तेल, न्हाल्यावर टिपणं, आणि विंचरायची सुरुवात खालून.
५. सैल वेणी, मऊ चुंबळ, डोक्याला रुमाल.
६. मुळातून गळत असतील तर रक्त तपासा.

भगिनींनो, त्या दोन वर्षांत मी कितीतरी मेळाव्यांना पदर घट्ट ओढून बसले. शेतकऱ्यांना नुकसानीचे पंचनामे उघडपणे करा म्हणून सांगणारी मी, स्वतःचं नुकसान मात्र लपवत होते. तुम्ही लपवू नका. आपल्या लेकीला, नणंदेला, जावेला हे सांगा. घरात लग्न ठरलं असेल, तर आधी सांगा. नवरी मूळच्या केसांनी, तेल लावून घातलेल्या सैल वेणीने आणि एका गजऱ्याने छान दिसते.

नमस्कार.