बावीस अक्षरांचा लगाम

"पोट जरा फुगल्यासारखं वाटतंय, गॅस झाला असेल." घरोघरी बायका हे इतक्या सहज बोलतात, की ऐकणारा मान वर करूनही बघत नाही. ओवा चावून होतो, हिंगाचं पाणी होतं आणि दोन-तीन महिने निघून जातात. अंडाशयाच्या कर्करोगाची चाहूल बऱ्याचदा अशीच लागते. अंडाशय जेमतेम बदामाएवढं आणि ओटीपोटात खोल. तिथली गाठ लवकर हाताला लागत नाही, फारशी दुखतही नाही. त्यामुळे निदान होतं तेव्हा बहुतेकींचा आजार पोटभर पसरलेला असतो.

या आजाराच्या संशोधनात हल्ली मायक्रोआरएनए हे नाव सारखं कानावर येतं. आपल्या पेशीत जनुकांची मूळ वही केंद्रकात जपून ठेवलेली असते. हव्या त्या पानाची नक्कल तेवढी चिठ्ठी होऊन बाहेर येते आणि त्या चिठ्ठीबरहुकूम प्रथिन बनतं. लग्नघरच्या मुदपाकखान्यात आचाऱ्याच्या हाती यादी जावी, तसं. मायक्रोआरएनए मध्येच येऊन ती चिठ्ठी धरून ठेवतं किंवा फाडून टाकतं. पदार्थ बनतच नाही. हा लगाम केवढा? साधारण बावीस अक्षरांचा.

तो सापडला मातीत राहणाऱ्या, एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी तो दाखवून दिला, तेव्हा बहुतेकांनी ती त्या कृमीपुरती गंमत मानली. २००० साली रव्हकन यांच्याच प्रयोगशाळेला 'लेट-७' नावाचं दुसरं मायक्रोआरएनए मिळालं आणि ते माणसातही निघालं. मग सगळे सावरून बसले. २०२४ चं नोबेल या दोघांना मिळालं.

हेच लेट-७ पेशींच्या वाढीला आवर घालतं. अंडाशयाच्या अनेक गाठींमध्ये ते कमी झालेलं आढळतं, म्हणजे लगामच ढिला. पण सगळंच इतकं सरळ नाही. 'मिर-२००' हे कुटुंब याच गाठींत अनेकदा वाढलेलं दिसतं, आणि एरवी तेच पेशींना एकमेकींना धरून ठेवायला मदत करतं. मग त्याला चोर म्हणायचं की शिपाई? जागा आणि वेळ बघूनच ठरवावं लागतं. मायक्रोआरएनए कातरून तयार करणारं 'डायसर' नावाचं एक विकर आहे. २००८ साली १११ रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा डायसर आणि त्याचा जोडीदार 'ड्रोशा' ज्यांच्यात भरपूर होते, त्या रुग्ण जास्त काळ जगल्याचं दिसलं.

मायक्रोआरएनएचे रेणू रक्तातही उतरतात. मग साध्या रक्ततपासणीत रोग लवकर पकडता येईल का? मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून तिथली एक अडचण सांगते. रक्त काढताना सुई नीट बसली नाही, नळी जोरात हलली, की तांबड्या पेशी फुटतात आणि पिवळसर सिरम गुलाबी होतं. त्या पेशींतली मायक्रोआरएनएसुद्धा त्यात मिसळतात. आता सापडलेला रेणू गाठीचा, की फुटलेल्या पेशीचा? शिवाय रक्तातल्या सीए-१२५ या प्रथिनाच्या जुन्या चाचणीने आपल्याला शहाणं केलेलं आहे. पोटाच्या क्षयातही ते वाढतं, पोटात पाणीही होतं, आणि कर्करोग समजून बाई घाबरून जाते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफीने चाळणी लावून पाहिली. २०२१ साली निकाल आला, मृत्यू कमी झाले नव्हते. म्हणून मायक्रोआरएनएच्या चाचणीची कुणी खात्रीने जाहिरात करत असेल, तर माझा सल्ला आहे, पैसे खिशातच ठेवा.

तूर्त आपल्या हातात आहे ते एवढंच. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला लागणं, यातलं काही नव्याने सुरू झालं असेल आणि दोन-तीन आठवडे हटत नसेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर ओव्याची डबी बाजूला ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आईला, मावशीला, आत्याला किंवा बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.