तंबूबाहेर विखुरलेले सुटे भाग



तुमच्या कॉलेजच्या ट्रेकिंग क्लबची तिघं मला स्नेहसंमेलनाचं निमंत्रण द्यायला घरी आली होती. ‘मॅडम, तुम्ही आमच्याच कॉलेजच्या, शिवाय सह्याद्रीत फिरलेल्या. काहीतरी मनापासून बोला,’ असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मनापासून बोलायचं तर एका मुलाविषयी बोलेन, तो २२ वर्षांचा असताना गेला. तिघं एकमेकांकडे बघू लागली. त्यांची अडचण मला समजली. स्नेहसंमेलन हा आनंदाचा दिवस, त्या दिवशी गेलेल्या माणसाची आठवण कशाला? पण स्नेह आणि संमेलन हे दोन्ही शब्द मला फार खरे वाटतात. जो स्नेहाचा होता तो गेला तरी त्याला संमेलनातून वगळता येत नाही.

त्या मुलाचं नाव अँड्र्यू अर्विन. सगळे त्याला सँडी म्हणत, कारण केस पिवळसर, वाळूच्या रंगाचे. जन्म ८ एप्रिल १९०२, इंग्लंडमधलं बर्कनहेड. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात तो इंजिनिअरिंग शिकत होता. म्हणजे तुमच्यातलाच, शेवटच्या वर्षाच्या बाकावरचा. गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीबरोबर एव्हरेस्टवर गेला आणि ८ जून १९२४ नंतर परत आला नाही. वय २२ वर्षं आणि बरोबर दोन महिने.

मॅलरी आणि अर्विन शिखरावर पोचले होते का, हा वाद शंभर वर्षं चालू आहे. तो आज मला काढायचा नाही. मला त्याच्या हातांविषयी सांगायचं आहे.

शाळेत असताना, पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हा, या पोराने दोन आराखडे काढून थेट युद्धखात्याला पाठवले. विमानाच्या फिरत्या पंख्यातून मशीनगनची गोळी पात्याला न लागता कशी झाडायची, याचा एक. विमान हवेत स्थिर राहावं म्हणून जायरोस्कोप कसा वापरायचा, याचा दुसरा. पुढे १७व्या वर्षी तो मोटरसायकल घेऊन वेल्समधल्या फोएल ग्राख नावाच्या डोंगरावर चढला. रस्ता नव्हताच. वर एक नवरा-बायको फिरायला आले होते. त्यांना या मुलाने शांतपणे खाली गावाकडे जायची वाट विचारली. ते गृहस्थ नोएल ओडेल, भूगर्भशास्त्रज्ञ. चार वर्षांनी १९२३ साली आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गनच्या मोहिमेत दोघं एकत्र आले, तेव्हा तो मोटरसायकलवाला हाच, हे उघड झालं. बर्फातून स्लेज ओढताना ओडेलने त्याची ताकद पाहिली, स्वभाव पाहिला आणि तो स्वतः ज्या एव्हरेस्ट मोहिमेत जाणार होता तिच्यासाठी त्याचं नाव सुचवलं. गिर्यारोहणाचा अनुभव त्याला जवळजवळ नव्हता. वल्हवण्यात मात्र तो पक्का तयार होता. १९२३ ची केंब्रिजविरुद्धची शर्यत ऑक्सफर्डने जिंकली, त्या बोटीत तो होता.

२९ फेब्रुवारी १९२४ ला तो आणि मॅलरी लिव्हरपूलहून कॅलिफोर्निया नावाच्या बोटीने निघाले आणि उतरले ते आपल्या मुंबईला. तिथून आगगाडीने पुढे दार्जिलिंगकडे. बॅलार्ड पिअरच्या बाजूने गेले की मला हे हटकून आठवतं. याच किनाऱ्यावर मार्च महिन्याच्या उन्हात तो गोरापान पोरगा उतरला असेल, आणि सामान नीट उतरतंय ना याकडे त्याचं सगळं लक्ष असेल. मॅलरीने बोटीवरून बायकोला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की, गप्पा सोडल्या तर कोणत्याही गोष्टीसाठी या मुलावर विसंबता येईल. कमी बोलणारा होता. आपल्या वर्कशॉपमध्ये असे दोघंतिघं नेहमी असतात. तुम्हांला चेहरे लगेच आठवले असतील.

आता ऑक्सिजनच्या उपकरणाकडे येते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना हेच खरं आवडेल.

पाठीवर लोखंडी सिलिंडर, त्यावर झडपा, दाब दाखवणारी घड्याळं, खांद्यावरून आलेल्या नळ्या आणि तोंडावर मुखवटा. सगळं मिळून चौदा-पंधरा किलोंच्या आसपास. ज्या उंचीवर एकेक पाऊल टाकायला अनेक श्वास लागतात, तिथे हे ओझं पाठीवर. हमाल १९२२ च्या आधीच्या मोहिमेपासूनच याला ‘विलायती हवा’ म्हणत. अर्विनने निघण्यापूर्वीच जुनं उपकरण अभ्यासून सुधारणा कागदावर काढून कारखान्याला कळवल्या होत्या. त्या कुणी अमलात आणल्या नाहीत. माल कलकत्त्याला पोचला तेव्हा ९० सिलिंडरांपैकी १५ रिकामे निघाले आणि २४ फार गळत होते. नळ्या हात लावला की मोडत.

मग तिबेटच्या पठारावर, धुळीच्या वाऱ्यात, रोज मुक्काम पडला की हा आपली हत्यारं काढून बसे. त्याने सिलिंडर उलटे लावले. वेड्यावाकड्या लांब नळ्या काढून टाकल्या. मोडण्यासारखं जे जे होतं ते कमी केलं. वजन दोन किलोंहून जास्त उतरवलं. दोन किलो म्हणजे काय, हे इथे खुर्चीत बसून कळणार नाही. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने पाठीवर बोजा घेऊन चढलेल्यांना कळेल.

शिवाय फावल्या वेळात मॅलरीची घडीची खाट, पथकातल्या बीथमचा कॅमेरा, ओडेलची तिपाई असं कुणाचं काहीही दुरुस्त करून द्यायचं. नॉर्थ कोल नावाच्या खिंडीच्या वाटेवर बर्फात एक चिमणी, म्हणजे उभी अरुंद फट होती. ओझं घेऊन तिथून चढणं हमालांना फार जड जाई. त्यांच्यासाठी त्याने दोराची शिडी बनवली, पायऱ्यांना तंबूच्या लाकडी मेखा वापरल्या. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या कामांत ही शिडी मला सर्वांत प्रिय आहे. ती चढणाऱ्यांची नावं इतिहासात कमी लिहिली गेली, म्हणून आणखी प्रिय. त्याच मोहिमेत शमशेर पुन नावाचा गुरखा जवान गेला, आणि पथकाचे बूट दुरुस्त करणारा मोची मनबहादूर गेला. हिमदंशाने त्याची पावलं घोट्यापर्यंत गेली होती. अर्विनची आठवण काढताना या दोघांची काढली नाही तर मला अपुरं वाटेल.

आणि एक गोष्ट. अर्विनला स्वतःला ऑक्सिजन नको होता. त्याशिवाय शेवटच्या सुळक्याच्या पायथ्यापर्यंत पोचलो तरी चालेल, त्याच्या मदतीने माथा गाठण्यापेक्षा ते बरं, अशी त्याची इच्छा होती. तरीही दिवसचे दिवस तो त्याच उपकरणात डोकं घालून बसला, कारण पथकाला ते लागणार होतं. शेवटच्या चढाईला मॅलरीने त्याची निवड केली, त्यात हे कौशल्य मोठं होतं. ५ जूनला त्याने रोजनिशीत शेवटची नोंद केली. ऊन-वाऱ्याने चेहऱ्याची कातडी सोलून निघाली होती, असह्य आग होत होती. ते लिहून त्याने पुढे लिहिलं, उद्याच्या निघण्यासाठी ऑक्सिजनचे दोन संच तयार करून ठेवले आहेत.

८ जूनला दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी ढग क्षणभर फाटले आणि ओडेलला वर कड्यावर दोन काळे ठिपके हलताना दिसले. मग ढग मिटले. त्यांना शेवटचं पाहिलं ते तेवढंच. ओडेल दोनच्या सुमारास सहाव्या छावणीत पोचला. सुमारे ८,१७० मीटर उंची, आणि एकच लहान तंबू. आत कपडे, उरलेलं खाणं, सिलिंडर आणि ऑक्सिजनच्या उपकरणाचे सुटे भाग. बाहेरही तेच विखुरलेले. दुसरा कुणी असता तर घाबरला असता, की निघण्याच्या आदल्या रात्री यंत्रच बिघडलं की काय. ओडेलने नंतर लिहिलं की, तेव्हा त्याला जराही काळजी वाटली नाही. तो अर्विनला ओळखत होता. असलं काहीतरी खोलून, नव्याने जोडत बसण्यात त्या मुलाची संध्याकाळ मजेत गेली असणार.

हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. का, ते सांगते.

याच कॉलेजात, आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही, त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही. वसतिगृहात कुणाची सायकल, कुणाचा टेपरेकॉर्डर, कुणाच्या सॅकची चेन, सगळं त्याच्या खोलीत जमा. रविवारी आम्ही राजमाची, रतनगड, हरिश्चंद्रगड करायचो. आमच्याकडे एक पितळी स्टोव्ह होता, तो नेमका गडावर पोचल्यावर रुसायचा. हा गुहेच्या तोंडाशी मांडी घालून बसे, पिन मारी, पंप खोले, आणि अर्ध्या तासात निळी ज्योत फुरफुरायला लागे. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसे ते माथ्यावर कधी दिसलं नाही. माथ्यावर तो बहुतेक वेळा झोपून जायचा.

२६व्या वर्षी तो गेला. एका साध्या मंगळवारी, दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत बूट घालताना. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तिथे कडा नव्हता, वादळ नव्हतं, कुणी दुर्बिणीतून पाहत नव्हतं. अर्विनसाठी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये प्रार्थनासभा झाली, खुद्द राजा आला. १९३३ साली त्याची बर्फकुऱ्हाड सापडली. मॅलरीचा देह १९९९ साली सापडला. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, रोंगबुक हिमनदीवर एक बूट सापडला, आत पाऊल, पावलात मोजा, आणि मोज्यावर शिवलेली अर्विनच्या नावाची पट्टी. शंभर वर्षं बर्फाने ते नाव सांभाळलं. आमच्या मित्राचं नाव सांभाळायला आम्ही दहाबारा जण आहोत, आणि आता आमचीही साठी उलटली.

म्हणून आज बोलले. त्याच्याविषयी सरळ बोलायला मला पस्तीस वर्षांत जमलं नाही. अर्विनचा हात धरून जमलं.

शेवटची चढाई सुरू करताना मॅलरीने ओडेलला चिठ्ठी पाठवली होती. तंबूत पसारा सोडून आल्याबद्दल त्याने माफी मागितली होती, आणि निघता निघता स्टोव्ह उतारावरून गडगडत गेल्याचं कळवलं होतं. त्या उंचीवर स्टोव्ह म्हणजे पाणी. त्याशिवाय बर्फ वितळत नाही. ती चिठ्ठी वाचली की आजही माझा हात आपसूक पुढे होतो, तो स्टोव्ह अडवायला.

१० जूनला ओडेल पुन्हा एकटा त्या तंबूपर्यंत चढून गेला. तंबू तसाच होता, कुणी परतलं नव्हतं. त्याने झोपायच्या पिशव्या बर्फावर पसरून खालच्यांना खूण केली, की मागमूस नाही. उतरताना मोजक्याच वस्तू बरोबर घेतल्या. मॅलरीचं होकायंत्र, आणि अर्विनने नव्याने बांधलेला ऑक्सिजनचा एक संच. परतीच्या वाटेवर माणूस ओझं टाकतो. ओडेलने ते उचललं.

आमचा स्टोव्ह माझ्याकडे आहे. आज बरोबर आणला आहे, तुमच्या वर्कशॉपमधल्या प्रदर्शनात दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. पंपातलं चामडी वायसर त्याने एका जुन्या चपलेच्या पट्ट्यातून कापलेलं आहे, कडेला थोडं वाकडं. मी ते बदललेलं नाही. कार्यक्रम संपला की खाली या, पाहा, हातात घ्या, खोलूनही बघा. परवा घरी थोडं रॉकेल मिळालं होतं. चौथ्या पंपाला पेटला.