पाणमोट अकाली का फुटते?

(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात प्रसूती विभागातर्फे दिलेले व्याख्यान)



बाळ ज्या गर्भजलाच्या पिशवीत वाढते, तिला आपण पाणमोट म्हणतो. तिला दोन पदर असतात. आतील पदर उल्ब, बाहेरील जरायू. उल्बात रक्तवाहिन्या नसतात. त्याचे सामर्थ्य कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंत असते. दिवस भरत आले की हे तंतू निसर्गक्रमाने सैल होतात. परंतु सुमारे शंभरांतील तीन गर्भारपणांत ३७ आठवड्यांपूर्वी, कळा सुरू होण्याआधीच पाणमोट फुटते. अकाली प्रसूतींपैकी जवळजवळ एकतृतीयांश प्रसूतींच्या मुळाशी हेच कारण असते.

याचे एक मोठे कारण जंतुसंसर्ग. योनिमार्गातील जंतू वर चढून आवरणापर्यंत पोहोचतात. त्यांचा प्रतिकार करताना शरीर जी विकरे निर्माण करते, ती कोलॅजनचेही तुकडे करतात. सोबत निर्माण होणारी प्रोस्टाग्लॅंडिन द्रव्ये गर्भाशयाला कळांकडे ढकलतात. म्हणजे संरक्षणासाठी उभी राहिलेली सेनाच तटबंदी पोखरते.

दुसरे कारण तंबाखू. धुरातील विषारी घटक पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतात आणि कोलॅजनच्या बांधणीला आवश्यक असलेले क जीवनसत्त्व शरीरातून घटवतात. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथील संशोधकांनी गर्भावरणाच्या पेशी सिगारेटच्या धुराच्या अर्कात ठेवल्या, तेव्हा त्या अकाली वृद्ध झाल्याचे दिसले. अशा जीर्ण पदरावर संसर्गाचा घाला पडला, तर तो किती काळ तग धरणार?

आपल्या भगिनी म्हणतील, ‘आम्ही कुठे विडी ओढतो?’ खरे आहे. परंतु घरोघरी मशेरी लावली जाते. मुंबईतील गर्भवतींच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची आढळली, आणि त्यांच्या प्रसूतीही लवकर झाल्या होत्या. घरातील पुरुषाच्या विडीचा धूरही गर्भवतीच्या श्वासातून तिच्या रक्तात उतरतो, याचा विसर पडू नये.

फुटलेली पाणमोट शिवता येत नाही. प्रतिजैविकांनी संसर्ग आवरून काही दिवस मिळवता येतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिल्याप्रमाणे, आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर सक्षम होतात. पण हे उपाय वेळेवर आलेल्या मातेलाच लाभतात. ‘कळा नाहीत, मग घाई कशाला?’ असे म्हणून घरी थांबलेल्या मातेच्या गर्भाशयात संसर्गाला मोकळी वाट मिळते.

म्हणून विनंती एवढीच: गर्भारपणात मशेरी, तंबाखू व विडी घरातूनच हद्दपार करा. अंगावरून दुर्गंधी स्राव जात असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर संकोच न करता तपासून घ्या. आणि पाणी थेंबथेंब जरी जाऊ लागले, तरी त्याच वेळी रुग्णालय गाठा, मग ती मध्यरात्र का असेना.