डोंगरात लिहिलेला समुद्र

फ्रान्समधील बर्गंडी हा प्रांत द्राक्षमळ्यांचा. समुद्र तेथून फार दूर. तेथील एका खेड्यात १९०३ च्या उन्हाळ्यात क्लोद देब्युसी या संगीतकाराने वाद्यवृंदासाठी ‘ला मेर’, म्हणजे ‘समुद्र’, ही रचना आरंभिली. या विसंगतीची त्याला जाणीव होती. परंतु आपल्यापाशी समुद्राच्या अगणित आठवणी आहेत आणि त्या प्रत्यक्ष दर्शनाहून मोलाच्या आहेत, असे त्याने एका स्नेह्यास कळविले होते.

१५ ऑक्टोबर १९०५ रोजी पॅरिसमध्ये ती प्रथम वाजविली गेली, आणि बहुतेकांची निराशा झाली. आपणांस येथे समुद्र ऐकू येत नाही, दिसत नाही, त्याचा वासही येत नाही, असे प्येर लालो या टीकाकाराने लिहिले. पॅरिस तेव्हा देब्युसीवर रुष्टच होते. १९०४ साली त्याने पत्नीचा त्याग करून एका विवाहितेशी संसार थाटला. त्या दुःखाने पत्नीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ती वाचली, हे ईश्वराचे उपकार. या वर्तनाचे समर्थन करता येणार नाही. मात्र माणसावरील राग त्याच्या कृतीवर काढला गेला असावा, अशी शंका येते.

लालोचा आक्षेप पारखावयाचा तर शार्ल म्युन्श याच्या संचालनाखाली बॉस्टनच्या वाद्यवृंदाने डिसेंबर १९५६ मध्ये केलेली ध्वनिमुद्रिका ऐकावी. प्रारंभी पहाट आहे : नगाऱ्याचा अस्फुट नाद, खर्जातील तंतुवाद्ये, हार्पचे तुरळक स्वर. मग मध्येच चेलो चार गटांत विभागून एकदम उसळतात. देब्युसीने येथे सोळा चेलो मागितले आहेत. बहुतेक वाद्यवृंदांपाशी तितके नसतातच! या ठिकाणी लाटेच्या आवाजाची नक्कल मुळीच नाही. भरतीचे पाणी खालून फुगत यावे तसा नादच तळापासून वर चढतो, आणि ऐकणाऱ्याचा पाय जणू वाळूवरून सुटतो.

दुसऱ्या भागात लाटांचा खेळ आहे. तो हार्प, बासरी आणि इवल्या घंटांच्या नादात फेसासारखा विरतो. तिसऱ्यात वारा आणि समुद्र यांचा संवाद, खरे तर भांडणच. येथे म्युन्श वेग किंचित अधिकच वाढवितो. तुताऱ्यांच्या कल्लोळात तंतुवाद्यांची काही नाजूक वीण हरवते, हा या मुद्रिकेचा दोष मानावा लागेल. पण त्या वादळाच्या मध्यावर सर्व काही अकस्मात शांत होते आणि ओबो व बासरीची एक करुण आळवणी दुरून येते. वारा पुन्हा उठेपर्यंत ती चालू राहते.