पोटात कळ आली तर



आज आपण पोटातल्या कळांविषयी बोलणार आहोत. पोट दुखायला लागलं की आपण पदर आवळून बांधतो आणि खुरपायला जातो. प्रत्येक कळ घाबरण्यासारखी नसते, पण प्रत्येक कळ अंगावर काढण्यासारखीही नसते. कोणती कुठली, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

आपलं आतडं म्हणजे स्नायूंची नळी. अन्न पुढे ढकलण्यासाठी ती आवळते आणि सैल होते. गॅस अडकला, शौचाला खडा झाला किंवा जुलाब लागले की ती जोरात आवळते. तीच कळ. अशी कळ येते आणि जाते. वारा सरला, शौचाला झालं की बरं वाटतं. खडा होत असेल तर पाणी भरपूर प्या, पालेभाजी खा. शेतात आडोसा नाही म्हणून आपण दिवसभर पाणी पीत नाही, त्यानंही खडा होतो.

जुलाब असतील तर जलसंजीवनी घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, लहान. थोडं थोडं पीत राहा.

पाळीच्या वेळी गर्भपिशवी आवळते, म्हणून ओटीपोटात कळा येतात. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि थोडं चालणं यानं आराम पडतो. गोळी घ्यायचीच तर नर्सबाईंना विचारून आणि जेवल्यावर घ्या. दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी वरचेवर घेतल्या तर जठराला जखम होते. दर महिन्याला दुखणं वाढत असेल किंवा अंगावरून फार जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आता धोक्याच्या खुणा ऐका.

बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, सोबत उलटी आणि ताप असेल, तर अपेंडिक्स असू शकतं. अशा वेळी “बेंबी सरकली” म्हणून पोट चोळून घेऊ नका, एरंडेल देऊ नका. सुजलेलं अपेंडिक्स आत फुटू शकतं.

पाळी चुकली आहे, ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आहे, चक्कर येते आहे, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटली तर आत रक्तस्राव होऊन जीव जातो. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईलाही हे होऊ शकतं. म्हणून “माझं तर ऑपरेशन झालंय” असं म्हणून थांबू नका.

पोट लाकडासारखं कडक झालं, शौचातून रक्त गेलं, किंवा उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, तरी थांबू नका. 108 ला फोन करा. ती गाडी मोफत येते.

बाई दवाखान्यात उशिरा पोचते, कारण घरी कोणाला तरी विचारायचं असतं आणि हाताशी पैसे नसतात. म्हणून येत्या बैठकीत गटानं दोन गोष्टी ठरवाव्यात : रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल, आणि तातडीची उचल कोण देईल. आणि घरातल्या सासूबाईंना, जावेला आणि मालकांनाही या खुणा सांगून ठेवा. कळ आली की बोलायचं, लपवायचं नाही.